पकडलेल्या जालवाहतुकीची चिकित्सा : पद्धतींच्या निवडीचा आढावा

संगणकजालावरून जाणारी वाहतूक पकडून फाइलीत उतरवून घेणे आता इतके सुलभ झाले आहे की, कोणत्याही कचेरीतील जाणता तंत्रज्ञ एका आज्ञेसरशी काही मिनिटांत लाखो पॅकेटे जमा करू शकतो; परंतु ती जमा केल्यावर पॅकेट पॅकेट उलगडून वाचावयाची, तिचा केवळ गोषवारा काढावयाचा, ज्ञात खुणांशी ताडून पाहावयाची, की आकड्यांच्या आधारे नित्य आणि अनित्य असा भेद करावयाचा, याचे सर्वमान्य उत्तर चाळीस वर्षांच्या खटपटीनंतरही हाती आलेले नाही. याचे एक कारण उघड आहे. जाल चालविणाऱ्याला ‘काम मंद का चालले आहे’ हे हवे असते, सुरक्षेच्या तपासनिसाला ‘आत कोण शिरले आणि काय घेऊन गेले’ हे हवे असते, आणि संशोधकाला वाहतुकीचा सर्वसाधारण स्वभाव जाणून घ्यावयाचा असतो. तिघांच्या हाती एकच फाइल असली तरी तिघांचे प्रश्न वेगळे असल्यामुळे एकाला जी पद्धत अपरिहार्य वाटते तीच दुसऱ्याला निरर्थक खटाटोप वाटते. या प्रश्नाची पूर्वपीठिका, त्यावरील प्रमुख मते आणि अद्याप न सुटलेल्या बाबी यांची क्रमाने नोंद घेणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका

आरंभी हे काम यंत्रसामग्रीचे होते. हॅरी साल आणि लेन शुस्टेक यांच्या नेटवर्क जनरल कंपनीने १९८६ च्या सुमारास ‘स्निफर’ नावाचे उपकरण बाजारात आणले; ते जालाला जोडावे, पडद्यावर पॅकेटांचा अर्थ वाचावा आणि दोष शोधावा, असा शिरस्ता होता. १९८८ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅकॅन यांनी ‘टीसीपीडंप’ हा प्रोग्राम लिहिला आणि तेच काम साध्या संगणकावर होऊ लागले. नको असलेली पॅकेटे कर्नलच्या पातळीवरच गाळून टाकण्याची जी युक्ती मॅकॅन आणि जेकबसन यांनी १९९३ मध्ये ‘बर्कली पॅकेट फिल्टर’ या नावाने प्रसिद्ध केली, तिच्यामुळे पकडण्याचा खर्च फार उतरला. १९९८ मध्ये जेराल्ड कोम्ब्स यांनी ‘इथेरियल’ काढले, २००६ मध्ये त्याचे नाव ‘वायरशार्क’ झाले, आणि पॅकेट वाचण्याची विद्या विद्यार्थ्यांच्याही आवाक्यात आली.

याच्या शेजारून दुसरे दोन प्रवाह वाहत होते. पहिला हिशेबाचा. १९९० च्या दशकाच्या मध्यास सिस्को कंपनीने आपल्या राउटरांत ‘नेटफ्लो’ची सोय केली; तीत पॅकेटे साठविली जात नाहीत, तर कोणत्या पत्त्याने कोणत्या पत्त्याशी, कोणत्या पोर्टावर, किती वेळ आणि किती बाइटांचा व्यवहार केला एवढीच नोंद राहते. दुसरा प्रवाह सुरक्षेचा. डोरोथी डेनिंग यांनी १९८७ च्या आपल्या निबंधात असा विचार मांडला होता की, वापरणाऱ्याच्या नित्य वर्तनाचे चित्र तयार ठेवले तर घुसखोरी ही त्या चित्रापासूनची विसंगती म्हणून ओळखता येईल. त्यानंतर दहाएक वर्षांनी, १९९८ मध्ये, मार्टिन रोश यांचे ‘स्नॉर्ट’ आले, ज्यात ज्ञात हल्ल्यांच्या खुणा नियमरूपाने लिहून वाहतुकीशी ताडल्या जातात. त्याच वर्षी व्हर्न पॅक्सन यांनी ‘ब्रो’ या आपल्या प्रणालीचे वर्णन प्रसिद्ध केले. ब्रोचा बाणा निराळा होता: आधी वाहतुकीत काय घडले याची तटस्थ नोंद करावी आणि त्या घटनांबद्दलचा निवाडा स्वतंत्र स्क्रिप्टवर सोपवावा. २०१८ पासून ही प्रणाली ‘झीक’ म्हणून ओळखली जाते.

संशोधकांच्या इलाख्यातील एक घटना येथे नोंदलीच पाहिजे, कारण तिने पुढच्या वादाला वेगळे वळण दिले. बेलकोर या अमेरिकी दूरसंचार संशोधन संस्थेत १९८९ ते १९९२ या काळात पकडलेल्या इथरनेटच्या वाहतुकीवरून लेलंड, तक्कू, विलिंजर आणि विल्सन यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले की, टेलिफोनच्या गणितात चालणारे प्वासाँचे गृहीतक येथे लागू पडत नाही. वाहतुकीतील उसळ्या सेकंदाच्या मापाने पाहा की तासाच्या, सारख्याच उसळत्या दिसतात, सरासरी घेतल्याने त्या निवत नाहीत. ज्या वाहतुकीचा ‘नित्य’ स्वभावच इतका अनियमित आहे, तिच्यात विसंगती शोधू पाहणाऱ्याला केवढ्या अडचणीला तोंड द्यावे लागेल याची सूचना त्या निबंधातच होती; ती फारशी कोणी मनावर घेतली नाही.

पकडण्याची जागा

पद्धतींच्या वादात जी बाब बहुधा तळटीपेत जाते, ती वस्तुतः सर्वांत आधी यावयास हवी. वाहतूक कोठे, कशाने आणि किती लांबीपर्यंत पकडली यावर पुढील प्रत्येक पद्धतीची इभ्रत अवलंबून असते. एक गिगाबिटच्या दुव्यावर दोन्ही दिशांनी मिळून दोन गिगाबिटपर्यंत वाहतूक संभवते. स्विचच्या ज्या पोर्टावर तिची नक्कल वळविलेली असते तो पोर्ट मात्र एकच गिगाबिट बाहेर टाकू शकतो. उरलेली पॅकेटे स्विच मुकाट्याने टाकून देतो, आणि विश्लेषकाला फाइलीत जी खिंडारे दिसतात त्यांना तो जालावरील हानी समजून बसतो. स्वतःच्याच संगणकावर पकडलेल्या फाइलीत बाहेर जाणाऱ्या पॅकेटांचे चेकसम चुकीचे दिसतात, कारण ते भरण्याचे काम नंतर नेटवर्क कार्ड करते. त्याच फाइलीत जालावर कधीच गेली नसतील इतकी मोठी पॅकेटेही आढळतात, कारण त्यांचे तुकडे पाडण्याचे कामही कार्डाकडेच दिलेले असते. अशी फाइल पाहून ‘हे जाल बिघडले आहे’ असा निष्कर्ष काढणारे नवखे तंत्रज्ञ प्रत्येक कचेरीत भेटतात. पत्ते बदलणाऱ्या राउटरच्या बाहेरच्या अंगाला पकडावे तर आतील शंभर यंत्रे एकाच पत्त्याखाली लपतात आणि ‘कोणत्या यंत्राने केले’ या प्रश्नाचे उत्तर कोणतीही पद्धत देऊ शकत नाही.

लांबीचेही तसेच. जुना टीसीपीडंप प्रत्येक पॅकेटाचे पहिले ६८ बाइट तेवढे ठेवीत असे, कारण शिरोभाग वाचण्यास तेवढे पुरत. आजची मूळ मर्यादा २,६२,१४४ बाइटांची आहे, म्हणजे व्यवहारात संपूर्ण पॅकेट. ६८ बाइटांच्या काळातील फाइलीवर मजकूर तपासणारी पद्धत चालविणे अर्थातच व्यर्थ होय.

समग्र नोंद की गोषवारा

पहिला मोठा मतभेद साठवणुकीचा आहे. समग्र नोंदीचे पक्षपाती म्हणतात की, तपासाच्या वेळी कोणता तपशील लागेल हे आधी ठाऊक नसते, यास्तव सर्व काही ठेवावे. आज क्षुल्लक वाटणारे पॅकेट सहा महिन्यांनी नव्या हल्ल्याचे ज्ञान झाल्यावर मुख्य पुरावा ठरू शकते. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु हिशेब करून पाहिला तर एक गिगाबिटचा एका दिशेने पूर्ण भरलेला दुवा सेकंदाला १२५ मेगाबाइट, तासाला ४५० गिगाबाइट आणि दिवसाला सुमारे १०.८ टेराबाइट मजकूर निर्माण करतो. दहा गिगाबिटचा दुवा याच्या दसपट. नेटफ्लोच्या पाचव्या आवृत्तीत एका प्रवाहाची नोंद ४८ बाइटांत मावते, मग त्या प्रवाहातून चार पॅकेटे गेलेली असोत की चार लाख. जकात नाक्यावरील कारकून गाडी कोठून आली, कोठे निघाली आणि वजन किती एवढेच वहीत मांडतो, पोती उघडीत नाही. प्रवाहनोंदीचे बळ आणि तिची मर्यादा दोन्ही त्यात आली.

मर्यादा कोठे जाणवते हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या कचेरीतील कारकुनाची तक्रार अशी की, प्रत्येक नोंद साठविताना पडदा क्षणभर थबकतो. प्रवाहनोंद पाहावी तर जोडणी दीर्घकाळ चाललेली, बाइट थोडे, हरकत घेण्याजोगे काहीच नाही. तीच जोडणी वायरशार्कमध्ये उघडली की पॅकेटांच्या वेळांवरून सारी हकीकत सरळ वाचता येते: मागणी दोन लहान तुकड्यांत निघते, पहिला तुकडा गेल्यावर पाठविणारा त्याची पोच आल्याखेरीज दुसरा सोडीत नाही, कारण १९८४ पासून प्रचलित असलेला नेगलचा नियम त्याला तसे बजावतो, आणि घेणारा मात्र पोच एकटी न पाठविता उत्तरासोबत पाठवू अशा काटकसरीच्या विचाराने २०० मिलिसेकंद थांबतो. दोन्ही बाजू आपापल्या जागी नियमाने वागत आहेत आणि दोघांच्या शिस्तीत कारकुनाचा वेळ जातो आहे. हा दोष पॅकेटांखेरीज अन्यत्र कोठेही दिसत नाही.

याच्या उलट प्रसंगही आहेत. आतील एखादे यंत्र तीन आठवडे दर तासाला बाहेरच्या एकाच पत्त्याशी किंचितसा व्यवहार करीत असेल, तर पॅकेटे वाचीत बसणाऱ्याच्या नजरेला तो कधीच येणार नाही. प्रवाहनोंदीच्या दफ्तरात मात्र ती नियमितता साध्या क्रमवारीनेही उघडी पडते. अट एवढीच की नोंदी नमुन्यादाखल घेतलेल्या नसाव्यात. हजारात एक पॅकेट पाहून नोंद करणाऱ्या राउटरच्या दृष्टीस दहा पॅकेटांचा प्रवाह पडण्याची शक्यता जेमतेम एक टक्का असते. दुव्याचा एकूण भार मोजावयास हे पुरेसे आहे, घुसखोर हुडकावयास नाही. आणि तरीही नमुन्याच्या नोंदीवर सुरक्षेचा सारा इमला उभारलेल्या संस्था कमी नाहीत.

दोन टोकांमधील मध्यममार्ग आता बऱ्याच जणांनी पत्करला आहे. झीकसारख्या प्रणाली प्रत्येक जोडणीची, नावांच्या प्रत्येक पृच्छेची, दिसलेल्या प्रमाणपत्रांची नोंद ठेवतात आणि मूळ पॅकेटे टाकून देतात. २००५ मध्ये पॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘टाइम मशीन’ या नावाने दुसरी तोड सुचविली: थोड्याच जोडण्या अवाढव्य असतात आणि बहुतेक बाइट त्यांच्याच पोटी जातात, तेव्हा प्रत्येक जोडणीचा आरंभीचा ठरावीक भाग तेवढा ठेवावा. फायदा मोठा आहे. तथापि दीर्घ जोडणीच्या उत्तरार्धात जे घडेल ते गमावण्याची तयारी ठेवूनच हा मार्ग धरावा लागतो.

खूण, विसंगती आणि मशीन लर्निंग

दुसरा मतभेद निवाड्याच्या रीतीचा आहे. खुणा ताडणाऱ्या पद्धतीचा गुण असा की, इशारा मिळताच तो का मिळाला हे नियम वाचून कळते. तिचा दोष असा की, ज्या हल्ल्याची खूण कोणी लिहिली नाही तो तिला दिसत नाही. १९९८ मध्ये पटासेक आणि न्यूशॅम यांनी आणखी एक वर्म दाखविले: पॅकेटांचे तुकडे, त्यांची एकमेकांवर चढलेली मांडणी आणि आयुर्मर्यादेचे (टीटीएलचे) आकडे यांशी खेळून हल्लेखोर अशी योजना करू शकतो की, पाहणाऱ्याला एक मजकूर दिसावा आणि गंतव्य यंत्राला दुसराच मिळावा. हा आक्षेप केवळ खुणांच्या पद्धतीवर नसून कडेला उभे राहून पाहणाऱ्या प्रत्येक पद्धतीवर आहे.

विसंगती शोधणाऱ्यांचे म्हणणे असे की, हल्ल्याचे रूप बदलते, तेव्हा नित्याचे चित्र पक्के करून त्याबाहेरचे सर्व काही संशयास्पद मानावे. या भूमिकेला स्टेफन अ‍ॅक्सेलसन यांनी १९९९ मध्ये संभाव्यतेच्या गणिताने उत्तर दिले, आणि ते आजही खोडून काढता आलेले नाही. समजा, एका संस्थेत दिवसाला दहा लाख जोडण्या होतात आणि त्यांतील वीस दुष्ट आहेत. शोधणारी प्रणाली इतकी निष्णात की दुष्ट जोडणी शंभरात नव्याण्णव वेळा पकडते आणि निर्दोष जोडणीवर शंभरात एकदाच खोटा आळ घेते. तरीही दिवसाकाठी सुमारे दहा हजार खोटे इशारे उठतात, आणि त्यांच्या गर्दीत खरे वीस. तपासनीस पहिल्या आठवड्यातच इशारे वाचणे सोडून देतो.

मशीन लर्निंगच्या आगमनाने हा वाद मिटेल अशी आशा होती. प्रयोगशाळेतील निबंधांत नव्याण्णव टक्क्यांच्या यशाचे दाखले रास पडावेत इतके आहेत. प्रत्यक्ष वापरात त्या मानाने फार थोडे उतरले. रॉबिन सॉमर आणि पॅक्सन यांनी २०१० मध्ये या तफावतीची कारणमीमांसा केली ती अशी: शिकणारी यंत्रे पूर्वी पाहिलेल्यासारखे ओळखण्यात तरबेज असतात, न पाहिलेले शोधण्यात नव्हे, चुकीची किंमत या क्षेत्रात जबर असते, आणि ‘हे विसंगत आहे’ यापासून ‘म्हणून हे अमुक करावे’ इथपर्यंतचे अंतर यंत्र ओलांडून देत नाही. मशीन लर्निंगचे समर्थक यावर म्हणतात की, ही टीका जुन्या साधनांवर आणि अपुऱ्या सामग्रीवर बेतलेली आहे, आणि वाहतुकीचे वर्गीकरण करणे, म्हणजे हा प्रवाह चलच्चित्राचा की संभाषणाचा हे ओळखणे, यात तरी या पद्धतींनी उपयुक्तता सिद्ध केली आहे. हे म्हणणे न्याय्य आहे. वर्गीकरण आणि घुसखोरीचा शोध यांचे निकष एकाच मापाने लावू नयेत.

खरी दुखरी जागा परीक्षेच्या सामग्रीची आहे. लिंकन प्रयोगशाळेने १९९८ आणि १९९९ मध्ये तयार केलेल्या कृत्रिम वाहतुकीवर शेकडो निबंध उभे राहिले. २००० मध्ये जॉन मॅकह्यू यांनी तिच्या रचनेवर आक्षेप घेतले, आणि २००३ मध्ये माहोनी आणि चॅन यांनी दाखविले की, त्या संचातील पॅकेटांचा आयुर्मर्यादेचा आकडा १२६ किंवा २५३ असेल तर ते हल्ल्याचेच असते, निर्दोष वाहतुकीत तो बहुधा १२७ किंवा २५४ असतो. हल्ला समजून न घेता त्या एका आकड्यावर परीक्षा उत्तीर्ण होणे शक्य होते! पुढे कॅनडातील २०१७ च्या बहुप्रचलित संचातही २०२१ मध्ये दोष आढळले. जोडणी बंद करण्याचा पहिला निरोप दिसताच प्रवाह संपला असे त्याचे साधन मानीत असे, आणि मागून येणारी उरलीसुरली पॅकेटे नवा प्रवाह म्हणून नोंदली जात.

कूटलेखनानंतर

तिसरा वाद कूटलेखनाचा; तो अलीकडचा आणि सर्वांत तीव्र आहे. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी सरकारी पाळतीविषयी उघड केलेल्या कागदपत्रांनंतर इंटरनेटची मानके ठरविणाऱ्या मंडळाने मे २०१४ मध्ये असा ठराव केला की, सर्वव्यापी पाळत हा जालावरील हल्लाच होय आणि मानके तिच्या विरोधात रचली जावीत. ऑगस्ट २०१८ मधील टीएलएस या कूटलेखन-मानकाच्या १.३ या आवृत्तीने सर्व्हरची खासगी किल्ली हाती असली तरी पकडलेली वाहतूक मागाहून उलगडण्याचा मार्ग बंद केला आणि प्रमाणपत्रही झाकले. मे २०२१ च्या क्विक मानकाने पोच आणि पॅकेटांचे क्रमांकदेखील झाकले. वर सांगितलेल्या कारकुनाच्या तक्रारीसारखी चिकित्सा तेथे किल्ल्यांवाचून करता येत नाही. फेरीचा वेळ मोजता यावा म्हणून एक बिट उघडा ठेवला आहे, तोही ऐच्छिक.

याविरुद्ध वित्तसंस्थांच्या तंत्रज्ञांची बाजू अशी की, आपल्याच हद्दीतील, आपल्याच मालकीच्या यंत्रांमधील वाहतूक तपासणे ही पाळत नव्हे, तो बंदोबस्त आहे, आणि काही ठिकाणी कायद्याने घातलेले बंधन आहे. युरोपातील दूरसंचार मानक संस्थेने २०१८ मध्ये त्यांच्यासाठी टीएलएसची वेगळी आवृत्ती प्रसिद्धही केली. गोपनीयतेचे कैवारी उत्तर देतात की, मालकासाठी ठेवलेले दार चोरालाही सापडते. दोन्ही पक्ष आपापल्या गृहीतकांवर सुसंगत आहेत, आणि तंत्राच्या बळावर हा वाद निकाली निघण्याजोगा नाही.

विश्लेषकांनी तूर्त दोन वाटा धरल्या आहेत. एक, जोडणीच्या दोन टोकांपैकी एकावर जाऊन किल्ल्या मिळविणे. फायरफॉक्स आणि क्रोम ही ब्राउझरे सत्राच्या किल्ल्या फाइलीत उतरवून देऊ शकतात आणि वायरशार्क त्यांवरून मजकूर उलगडतो. दोष शोधण्यास हे उत्तम. हल्लेखोर मात्र किल्ल्या देत नसतो. दुसरी वाट बाह्य लक्षणांची: पॅकेटांचे आकार, त्यांमधील अंतर, हस्तांदोलनाच्या पहिल्या निरोपाची ठेवण. २०१७ मधील ‘जेए३’ ही पद्धत या ठेवणीवरून प्रोग्रामची ओळख पटवीत असे. २०२३ च्या आरंभी क्रोमने त्या निरोपातील विस्तारांचा क्रम दर वेळी बदलता ठेवला आणि ती ओळख पुसली गेली. त्याच वर्षी ‘जेए४’ने तो क्रम आधी लावून घेऊन नवी ओळख ठरविली. हा पाठशिवणीचा खेळ थांबण्याचे चिन्ह नाही.

अनिर्णीत बाबी

कायद्याची बाजू येथे ओझरतीच घेता येईल. भारतात सर्ट-इन या शासकीय सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशान्वये संस्थांना आपल्या प्रणालींचे लॉग १८० दिवस जतन करावे लागतात. तो आदेश लॉगांबद्दल बोलतो, समग्र पॅकेटांचा भार घालीत नाही. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने उलट दिशेचा प्रश्न उभा केला: पकडलेल्या पॅकेटांत माणसांचा खासगी मजकूर असतो, तो किती मुदत आणि कोणत्या कारणासाठी बाळगावा? संशोधकांपुढेही हीच अडचण आहे. जपानच्या वाइड प्रकल्पाचे भांडार दररोज १५ मिनिटांची वाहतूक सर्वांस उपलब्ध करून देते, परंतु पत्ते बदलून आणि मजकूर छाटून. त्यावर मजकुराच्या पद्धतींची परीक्षा होऊ शकत नाही. खरी वाहतूक द्यावी तर गोपनीयता जाते, कृत्रिम द्यावी तर लिंकनची पुनरावृत्ती होते. या कोंडीतून वाट निघेपर्यंत कोणत्याही दोन पद्धतींची निःसंशय तुलना करता येणार नाही, असे माझे मत आहे.

व्यवहारात निवडीचा क्रम मात्र बराचसा ठरून गेला आहे. दीर्घकाळाचे प्रश्न प्रवाहनोंदींना विचारावेत, ज्ञात हल्ल्यांसाठी खुणा ताडाव्यात, मधला तपशील जोडणीच्या नोंदींतून घ्यावा आणि पॅकेटांपर्यंत तेव्हाच उतरावे जेव्हा प्रश्न मिलिसेकंदांचा किंवा बिटांचा असेल. मशीन लर्निंगला वर्गीकरणाचे आणि छाननीत प्राधान्य लावण्याचे काम द्यावे; अंतिम निवाडा तूर्त माणसाकडेच असावा.

हा क्रम पाळू इच्छिणाऱ्या वाचकास एक विनंती. टीसीपीडंप थांबविल्यावर पडद्यावर तीन ओळी येतात: किती पॅकेटे पकडली, गाळणीपर्यंत किती आली आणि कर्नलने किती टाकून दिली. जुन्या पीकॅप फाइलीत या आकड्यांना जागाच नाही, नव्या पीकॅप-एनजी प्रकारात आहे. फाइल जुन्या प्रकारची असेल तर या तीन ओळी, पकडण्याची जागा आणि घड्याळाची वेळ हातानेच लिहून फाइलीसोबत ठेवावीत, कारण पद्धत मागाहून केव्हाही बदलता येते, या नोंदी मागाहून मिळत नाहीत.